घड्याळ वेळेपुरते, वाट ज्याची त्याने शोधायची

वाचकहो, पहाटे पाचच्या सुमारास तालुक्याच्या कोणत्याही रस्त्यावर जाऊन उभे राहा. भरतीची तयारी करणारी पोरे पळताना दिसतील. पूर्वी त्यांच्या मनगटावर साधे घड्याळ असे, नाहीतर काहीच नसे. आता बऱ्याच जणांच्या हातात स्पोर्ट्स वॉच आले आहे. किती किलोमीटर झाले, वेग किती, नाडीचे ठोके किती, सगळे घड्याळच सांगते. चांगलीच गोष्ट आहे. हिशेब ठेवून केलेली मेहनत वाया जात नाही.

पण जगात अशाही काही शर्यती आहेत, जिथे हे घड्याळ हातात दिसले तर काढून ठेवायला सांगतात. ऐकले नाही तर धावपटू बाद! आता तुम्ही म्हणाल, घड्याळाने असे काय घोडे मारले? पाय तर पळणाऱ्याचेच आहेत ना? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडेही डोंगरातल्या शर्यतींना गर्दी होऊ लागली आहे आणि घाटाखालची, घाटावरची पोरे त्यात उतरू लागली आहेत. म्हणून हा नियम काय, तो का आहे आणि त्यातून आपण काय घ्यायचे, हे नीट समजून घेऊ.

एका डबीत चार यंत्रे

साधे घड्याळ फक्त वेळ सांगते. आजचे स्पोर्ट्स वॉच मात्र एका डबीत बसवलेली चार-पाच यंत्रे आहेत. त्यात वेळ आहे, नाडीमापक आहे, हवेच्या दाबावरून उंची सांगणारे यंत्र आहे, होकायंत्र आहे आणि जीपीएस आहे. जीपीएस म्हणजे जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश पकडून आपण नेमके कुठे आहोत ते सांगणारी यंत्रणा. ही अमेरिकी यंत्रणा १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाली. मे २००० पर्यंत सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा सांगण्यात शंभरेक मीटरचा फरक पडे. ती चूक काढून टाकल्यावर खरा फरक पडला.

कॅसिओ कंपनीने १९९९ मध्ये मनगटावर बांधायचे जीपीएस घड्याळ आणले होते. २००३ मध्ये गार्मिनचे फोररनर आले आणि मग पळणाऱ्यांत ही घड्याळे रुजली. आता तर महागड्या घड्याळात नकाशाच दिसतो. ठरलेली वाट आधी भरून ठेवली की वाट चुकताच घड्याळ थरथरते. निघालो तिथे परत नेणारी सोयसुद्धा असते. म्हणजे हे घड्याळ राहिले नाही, वाटाड्या झाला.

इथेच सगळी मेख आहे. शर्यतीचे नियम करणाऱ्यांना वेळ मोजण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती वाट दाखवण्याबद्दल. पण दोन्ही कामे एकाच डबीत बसल्यामुळे एक चालेल आणि दुसरे नाही, हे सांगणे अवघड झाले.

टेनेसीच्या जंगलातली शर्यत

या नियमाचे सगळ्यात कडक उदाहरण अमेरिकेत टेनेसी राज्यात आहे. तिथल्या फ्रोझन हेड नावाच्या डोंगराळ जंगलात १९८६ पासून बार्कली मॅरेथॉन ही शर्यत होते. ती सुरू करणारे गृहस्थ गॅरी कँट्रेल. तिच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. याच डोंगरांच्या कुशीत ब्रशी माउंटनचा तुरुंग होता. मार्टिन ल्यूथर किंग यांचा मारेकरी जेम्स अर्ल रे १९७७ च्या जून महिन्यात तिथून पळाला. दोन दिवसांहून अधिक काळ तो जंगलात धडपडला आणि सापडला तेव्हा तुरुंगापासून जेमतेम आठ मैलांवर होता. एवढ्या वेळात आपण तर शंभर मैल गेलो असतो, अशी थट्टा कँट्रेल यांनी केली आणि त्या थट्टेतून पुढे शर्यत उभी राहिली.

शर्यत कागदावर १०० मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची. पाच फेऱ्या आणि वेळ ६० तास. पाच फेऱ्यांत मिळून चढाई एवढी, की समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या माथ्यावर दहा वेळा गेल्यासारखे होते. दरवर्षी फक्त चाळीसेक जणांना प्रवेश मिळतो. प्रवेश फी एक डॉलर साठ सेंट, आणि शर्यत सुरू होण्याआधी एक तास शंख फुंकतात. होय, आपल्या देवळात वाजतो तसाच शंख!

वाटेवर खुणा नाहीत, झेंडे नाहीत, बाण नाहीत. मूळ नकाशा एकच. धावपटूंनी तो समोर ठेवून आपापल्या नकाशावर वाट उतरवून घ्यायची. जंगलात ठिकठिकाणी जुनी पुस्तके लपवलेली असतात. आपल्या छातीवर जो क्रमांक, त्या क्रमांकाचे पान फाडून आणायचे. सगळी पाने दाखवली तरच फेरी खरी. नकाशा आणि होकायंत्र चालते. जीपीएस चालत नाही, उंची सांगणारे घड्याळ चालत नाही, मोबाईल चालत नाही. मग वेळ कशी कळणार? तर आयोजकच सगळ्यांना एकसारखे, साधे, स्वस्तातले घड्याळ देतात. लखपती असो की नोकरदार, मनगटावर तेच घड्याळ.

हा नियम नुसता लहरीपणा नाही, हे दोन घटनांवरून कळते. २०१७ मध्ये कॅनडाचे गॅरी रॉबिन्स पाचव्या फेरीतले शेवटचे पान घेऊन निघाले. धुके दाटले होते, दोन रात्रींपेक्षा जास्त जागरण झाले होते. आपल्याकडे रानात रात्री चकवा लागतो म्हणतात ना, तशी गत झाली. ते चुकीच्या बाजूने उतरले, नदी पोहून आले आणि फाटकाला हात लावला तेव्हा ६० तासांवर सहा सेकंद झाले होते. सगळ्या जगात बातमी झाली ती त्या सहा सेकंदांची. पण खरी गोष्ट वेगळी होती. ठरलेल्या वाटेचा दोनेक मैलांचा भाग त्यांच्याकडून सुटला होता. ते सहा सेकंद आधी पोहोचले असते तरी शर्यत पूर्ण झालीच नसती, आणि हे त्यांनी स्वतः मान्य केले. हातात नकाशाचे घड्याळ असते तर त्या वळणावर ते थरथरले असते आणि सगळे निभावले असते. पण मग ती शर्यत नुसत्या पायांची राहिली असती, डोक्याची नव्हे. त्या वर्षी शर्यत पूर्ण करणारे एकमेव धावपटू जॉन केली हे त्याच डोंगरांच्या परिसरात वाढलेले. हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरी घटना २०२४ मधली. ब्रिटनच्या जास्मिन पॅरिस या पशुवैद्य बाईंनी ही शर्यत ५९ तास ५८ मिनिटे २१ सेकंदांत पूर्ण केली. अवघे ९९ सेकंद शिल्लक होते. बार्कली पूर्ण करणारी ही पहिली महिला. त्या वर्षी पाच जण पूर्ण झाले, हा त्या शर्यतीचा उच्चांक. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, एकही जण पूर्ण करू शकला नाही. ९९ सेकंदांचा हिशेब साध्या घड्याळावर होऊ शकतो. वेळ सांगायला महाग यंत्र लागत नाही, ही गोष्ट त्यात आलीच.

उंची कळली म्हणजे जागा कळली

जीपीएसला मनाई समजते. पण उंची सांगणाऱ्या घड्याळाला का मनाई? हे आपल्या पाणलोटाच्या भाषेत पटकन कळेल.

डोंगरावर आपण सलग समतल चर खणतो. ए-फ्रेम लावून आखणी करतो. त्या चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पातळी एकच असते, म्हणून तर पाणी चरात थांबते. हाच चर कागदावर रेघ म्हणून काढला की झाली नकाशातली समोच्च रेषा. या रेषा जवळजवळ आल्या तिथे चढ खडा, लांबलांब गेल्या तिथे उतार सौम्य. रेषेचे टोक माथ्याकडे वळले तिथे ओढा, पायथ्याकडे वळले तिथे डोंगराची सोंड. गावशिवाराच्या नकाशावर बोट ठेवून एकदा दाखवले, की अक्षरओळख नसलेला म्हातारासुद्धा हे सांगतो. कारण ते शिवार त्याच्या पायांना पाठ असते.

आता समजा, तुम्ही धुक्यात एका ओढ्याने वर चढता आहात. ओढा नकाशात आहे, पण ओढ्यात नेमके कुठे आहोत ते कळत नाही. तेवढ्यात घड्याळ म्हणाले, उंची ७०० मीटर. झाले की काम! ७०० ची रेषा त्या ओढ्याला नकाशात जिथे छेदते तिथेच तुम्ही उभे आहात. उपग्रहाची गरजच पडली नाही. म्हणून कडक शर्यतींत हे यंत्रसुद्धा वाट दाखवणारेच धरतात.

हे यंत्र चालते हवेच्या दाबावर. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर वर गेले की दाब एक हेक्टापास्कलने उतरतो. वादळाच्या बातम्यांत हा शब्द आपण ऐकतोच. पण मेख अशी, की हवामान बिघडले तरी दाब उतरतो. मग तुम्ही एका जागी उभे असलात तरी घड्याळ सांगते की वर चढलात. म्हणजे ज्या दिवशी धुके आणि पाऊस, ज्या दिवशी खरी गरज, त्याच दिवशी यंत्राच्या आकड्याकडे शंकेने बघावे लागते.

प्रत्येक ठिकाणी रेघ वेगळी

नियमाची रेघ सगळीकडे एकाच जागी ओढलेली नाही, हे लक्षात ठेवा.

स्वीडनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजलेला ओरिएंटिअरिंग नावाचा खेळ आहे. जंगलात नकाशावर दाखवलेली ठिकाणे क्रमाने शोधत पळायचे. त्याची जागतिक संघटना १९६१ मध्ये झाली. तिचा मूळ नियम सरळ आहे: वाट शोधायला आयोजकांनी दिलेला नकाशा, ठिकाणांची वर्णने आणि होकायंत्र, बस्स. अनेक स्पर्धांत नकाशा न दाखवणारे जीपीएस घड्याळ नोंद ठेवण्यापुरते हातात चालते, कारण घरी आल्यावर आपण कुठे चुकलो ते त्यावर अभ्यासता येते. पण त्याच्या आधाराने वाट काढली की बाद.

इथे बारीक प्रश्न येतो. नकाशा नसलेले घड्याळही किती मीटर पळालो ते सांगतेच. मागच्या ठिकाणापासून पुढचे ठिकाण ३०० मीटर आहे आणि घड्याळ ३०० दाखवते, तर ही मदत झाली की नाही? झालीच. एरवी तो धावपटू पावले मोजत गेला असता. आपल्याकडे जुनी माणसे पावलांनी वावर मोजत, तसेच. म्हणून काही आयोजक घड्याळाच्या काचेवर पट्टी चिकटवायला लावतात, तर काही ते पिशवीत तळाशी ठेवायला सांगतात. नोंद होऊ द्या, पण बघू नका!

मैदानी खेळात रेघ आणखी निराळी. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमात वेग, अंतर आणि नाडी दाखवणारे यंत्र धावपटूने स्वतः बाळगायला हरकत नाही. मात्र त्यातून दुसऱ्याशी संपर्क साधता येता कामा नये. कारण उघड आहे. तिथे वाट आखलेलीच असते, चोरी करायची तर ती बाहेरून मिळणाऱ्या सल्ल्याची. डांबरी रस्त्यावरच्या मॅरेथॉनमध्ये उलटाच घोळ होतो. तिथले अंतर खास मीटर बसवलेल्या सायकलने, वळणाच्या आतल्या बाजूने मोजलेले असते. त्यामुळे घड्याळ ४२.१९५ ऐवजी जास्त किलोमीटर दाखवते आणि पोरे आयोजकांशी भांडतात. चूक आयोजकांची नसते.

आणखी एक गंमत. फिनलंडची सुंटो कंपनी १९३६ मध्ये निघाली ती होकायंत्रे बनवायला. तिचे संस्थापक तुओमास वोहलोनेन स्वतः नकाशावर पळणारे गडी होते. १९९८ मध्ये त्याच कंपनीने उंची, दाब आणि दिशा सांगणारे मनगटी यंत्र आणले. म्हणजे ज्या खेळासाठी कंपनी जन्मली, त्या खेळाच्या दारात तिच्या नव्या घड्याळांची झडती होते.

भोपळा बांधून पोहण्याची शर्यत नसते

यावर कोणी म्हणेल, हा जुनाटपणा झाला. यंत्र आहे तर वापरू नये का? वापरावे, जरूर वापरावे. मघाच्या जास्मिन पॅरिस बाईंचेच बघा. २०१९ मध्ये त्यांनी ब्रिटनची स्पाइन रेस ही २६८ मैलांची शर्यत पुरुषांनाही मागे टाकून जिंकली, ८३ तास १२ मिनिटे २३ सेकंदांत. तेव्हा त्यांची मुलगी तान्ही होती आणि विश्रांतीच्या ठिकाणी त्या तिच्यासाठी दूध काढून ठेवत होत्या. भर हिवाळ्यातल्या त्या शर्यतीत नकाशा आणि होकायंत्राबरोबर जीपीएससुद्धा सक्तीचे आहे. एकच बाई, एका शर्यतीत यंत्र बाळगलेच पाहिजे, दुसऱ्या शर्यतीत बाळगायचे नाही. दोन्हीकडे त्या उभ्या राहिल्या, कारण वाट काढायची विद्या त्यांच्या अंगात होती.

आपल्याकडे पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधतात. पूर आलेल्या नदीतून पलीकडे जायचे तर भोपळाच काय, टायरची ट्यूबसुद्धा बांधा, जीव महत्त्वाचा. पण पोहण्याची शर्यत लागली आणि एकाने भोपळा बांधला, तर ती शर्यत कसली? आणि जो जन्मभर भोपळा बांधूनच पोहला, त्याला पोहता येते असे म्हणायचे का?

जीवाची काळजी मात्र खरी आहे, ती उडवून लावायची नाही. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ऑक्टोबर २००८ मध्ये ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन या दोन दिवसांच्या शर्यतीवर भयंकर पाऊस आणि वारा कोसळला. शर्यत थांबवावी लागली. सुमारे १,७०० जणांचा ठावठिकाणा नाही, अशा बातम्या गेल्या. प्रत्यक्षात प्राणहानी झाली नाही. त्या शर्यतीच्या नियमाने प्रत्येकाच्या पाठीवर तंबू, झोपायची पिशवी आणि अन्न होते, आणि नकाशा वाचायची सवय होती. लोक जमेल तिथे आडोसा धरून राहिले आणि वाट काढत खाली उतरले. यंत्राची बॅटरी संपते, पावसात पडदा बोटाला दाद देत नाही. शिकलेली विद्या अशी संपत नाही. म्हणूनच काही आयोजक मध्यम मार्ग काढतात. मोबाईल सीलबंद पिशवीत द्यायचा. संकटात सील फोडा, जीव वाचवा. मात्र सील फुटले की शर्यत संपली.

आणि हो, प्रश्न पैशाचाही आहे. नकाशा दाखवणारे चांगले घड्याळ पन्नास हजारांच्या घरात जाते. मोलमजुरी करणाऱ्याच्या पोराला ते कुठून परवडणार? होकायंत्र आणि कागदाचा नकाशा दोघांच्या हाती सारखाच. नियमामुळे श्रीमंताचे घड्याळ आणि गरिबाचे पाय यांची लढत होत नाही, पायांची पायांशीच होते.

आपल्या धावपटूंनी काय करावे

डोंगरातल्या शर्यतीत नाव घालणाऱ्या पोरांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. नियमपत्रक पूर्ण वाचा. 'जीपीएस नको' एवढेच लिहिले असेल तर उंची, अंतर, होकायंत्र आणि मोबाईल यांचे काय, ते आयोजकांना आधी विचारा. शक्यतो लेखी उत्तर घ्या. सुरुवातीच्या रेषेवर वाद घालून उपयोग नाही.

२. नोंद ठेवणे आणि आधार घेणे यांतला फरक पाळा. नोंदीला परवानगी असेल तर घड्याळ सुरू करून बाहीखाली ढकला किंवा पिशवीत टाका. कोणी बघत नाही म्हणून बघू नका. जंगलात पंच नसतो, तिथे पंच आपणच.

३. एक साधे घड्याळ जवळ असू द्या. वेळेची मर्यादा, खाण्यापिण्याची वेळ, परत फिरायची वेळ, एवढे त्यावर भागते.

४. आठवड्यातून एक दिवस घड्याळ घरी ठेवून पळा. श्वासावरून वेग ओळखा. शंभर मीटरला आपली पावले किती पडतात ते सपाटीला मोजा, मग चढाला मोजा. आकडा वेगळा येईल, तो पाठ ठेवा.

५. भारतीय सर्वेक्षण विभागाचा आपल्या भागाचा टोपोशीट मिळवा. १:५०,००० च्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. आधी ओळखीच्या शिवारावर वाचायला शिका. विहीर, ओढा, खिंड, देऊळ ही ठिकाणे जुळवत जा. ओळखीचे रान जमले की परक्या रानात भीती वाटत नाही.

६. शर्यतीचा नियम शर्यतीपुरता. एरवी पावसाळ्यात सह्याद्रीत जाताना मोबाईल, सोबती आणि घरी सांगून जाणे, हे तिन्ही हवे.

वाचकहो, यंत्राला नावे ठेवायचा हेतू नाही. हवामानाचा अंदाज, जमिनीची मोजणी, यांत आपणही ही यंत्रे वापरतोच आणि वापरली पाहिजेत. फक्त यंत्राला कुठले काम द्यायचे आणि कुठले आपल्याकडे ठेवायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. डोंगर समोर उभा असताना मान खाली घालून मनगटाकडे बघत राहणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. ओढा कोणत्या अंगाने वाहतो, सोंड कुठे उतरते, ऊन कोणत्या बाजूला आहे, हे बघणारा धावपटू हरला तरी घरी वेळेवर पोहोचतो. येत्या रविवारी पोरांनी घड्याळ खुंटीला टांगून गावच्या डोंगराला एक फेरी मारून बघावी. सोबत गावातला एखादा गुराखी घ्या. नकाशा वाचायला त्याच्यापेक्षा चांगला गुरुजी मिळायचा नाही.